फ्लॉवरला गड्डा केव्हा धरायचा, हे कोण ठरवतं?

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यात पुतण्याने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लवकर येणारा संकरित फ्लॉवर लावला. पस्तिसाव्या दिवशी सुपारीएवढा गड्डा धरून झाड जागीच थांबलं. बांधापलीकडे चुलत्यांनी ऑगस्टच्या मध्यावर स्नोबॉल हे उशिरा येणारं वाण लावलं होतं. त्याला चार महिने झाले, पानं मांडीला लागतायत, गड्ड्याचा पत्ता नाही. दुकानदार म्हणतो हवामान, चुलते म्हणतात बियाणं बोगस. पुतण्याने कृषीची पदवी घेतलेली, म्हणून त्याने आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: फुलोऱ्याची वेळ ठरवणारं जनुक नेमकं काय करतं, आणि थंडी भोगलेल्या झाडाचं बी धरत गेलं तर पुढच्या पिढ्या कमी थंडीत येतील का?

आधी निकाल सांगतो, कारण नंतर. दोन्ही बियाणी बहुतेक चांगलीच आहेत, फक्त त्यांची अदलाबदल झाली आहे. चुलत्यांनी पुतण्याचं वाण लावलं असतं आणि पुतण्याने चुलत्यांचं, तर दोघांनीही माल विकला असता. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साफ ‘नाही’ असं आहे. ते ‘नाही’ का, हे समजलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

सुरुवात नावापासून करू. आपण ज्याला ‘फ्लॉवर’ म्हणतो ते फूल नाही. झाडाचा शेंडा पानं काढायचं सोडून फुलोऱ्याकडे वळतो, पण फूल बनवायचं काम अर्ध्यावर अडकतं. फुलाऐवजी तिथे आणखी एक शेंडा निघतो, त्याला बगलेत आणखी एक, आणि असे हजारो अर्धवट शेंडे एकमेकांना खेटून बसतात. तो गड्डा. यामागचं एक जनुक १९९५ साली अमेरिकन संशोधकांनी वेगळं केलं. त्याचं नावच त्यांनी ‘कॉलिफ्लॉवर’ ठेवलं, आणि आपल्या भाजीतल्या फ्लॉवरमध्ये ते बिघडलेलं आहे हेही दाखवलं. पुढे कळलं की बिघाड एवढ्या एकाच जागी नसतो, पण ते इथे बाजूला ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा असा की ‘गड्डा धरला’ म्हणजे झाडाने फुलायचं ठरवलं. तेव्हा तुमचा प्रश्न दिसतो गड्ड्याचा, पण आहे फुलोऱ्याच्या वेळेचा.

झाड हे ठरवतं कसं? नवी वाणं घडवणारा पैदासकार म्हणून मला एक गोष्ट उशिरा उमगली. फुलायला लावणारं यंत्र बहुतेक झाडांत तयारच असतं, वाणावाणात फरक असतो तो ब्रेकमध्ये. पानांत ‘एफटी’ नावाचं प्रथिन बनतं, ते देठातून शेंड्यापर्यंत जातं आणि शेंड्याला फुलोऱ्याची आज्ञा देतं. असा काही निरोप पानातून शेंड्याकडे जात असावा हे सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकातच मांडलं होतं. तो निरोप म्हणजे हेच प्रथिन, याचा भक्कम पुरावा यायला २००७ साल उजाडलं. या निरोपावर पाय देऊन बसलेला ब्रेक म्हणजे ‘फ्लॉवरिंग लोकस सी’, आमच्या बोलण्यात एफएलसी. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या तणवजा रोपात तो १९९९ साली सापडला. एफएलसी चालू असेपर्यंत एफटी गप्प राहतं आणि झाड पानंच काढत बसतं.

हा ब्रेक सोडवते ती थंडी. पण एक-दोन रात्रींची थंडी नाही, आठवड्यांची. याला मराठीत वसंतीकरण म्हणतात. आम्ही बोलताना व्हर्नलायझेशनच म्हणतो. थंडी टिकून राहिली की ‘व्हिन-३’ नावाचं जनुक हळूहळू जागं होतं. त्याच्या मदतीने एफएलसीच्या जागेवर डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या प्रथिनांवर रासायनिक खुणा बसत जातात. खुणा बसल्या की ते जनुक मिटतं आणि नंतर ऊन तापलं तरी मिटलेलंच राहतं. झाडाला थंडी ‘आठवते’ असं आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. डोकं नसलं तरी नोंद आहे.

यातला सगळ्यात सुंदर भाग इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅरोलिन डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडला, २०११ साली. मला आधी वाटायचं की थंडी वाढेल तसा ब्रेक थोडा थोडा ढिला होत असेल, पाण्याच्या कॉकसारखा. तसं होत नाही. एकेका पेशीत एफएलसी एक तर चालू असतं, नाही तर बंद. मधली अवस्था नाही. दोन आठवड्यांच्या थंडीत थोड्या पेशींचे दिवे विझतात, सहा आठवड्यांत बहुतेकांचे. गावातली वीज कमी दाबाने येणं वेगळं आणि एकेक घर अंधारात जाणं वेगळं; इथे दुसरं घडतं. झाडाच्या वागण्यात मात्र या सगळ्या पेशींची बेरीज दिसते: जितके जास्त दिवे विझलेले, तितका फुलोरा लवकर. अर्धवट थंडी भोगलेल्या प्लॉटमध्ये शेजारशेजारची दोन झाडंही वेगळी वागू शकतात. हे बियाण्यातल्या भेसळीसारखं दिसतं, पण दर वेळी भेसळ असतेच असं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बसलेल्या खुणा पुढच्या पिढीत जातात का? नाही. बी तयार होताना, भ्रूणाच्या अवस्थेतच, त्या पुसल्या जातात आणि ब्रेक पुन्हा पूर्ण लागतो. कुल्लूच्या बर्फात वाढलेल्या झाडाचं बी आणि उबदार शेडमध्ये थंड पेटी लावून फुलवलेल्या झाडाचं बी, वाण एकच असेल तर दोघांनाही पुढच्या वर्षी तेवढीच थंडी लागते. याच्या उलट सांगणारा एक माणूस होऊन गेला: सोव्हिएत रशियातला त्रोफिम लिसेंको. भिजवलेल्या गव्हाच्या बियाण्याला थंडी देऊन पेरायचं, हे त्याचं तंत्र मुळात खोटं नव्हतं; ‘वसंतीकरण’ हा शब्दही त्याच्याच रशियन शब्दावरून आला. पण ही सवय वंशात उतरते, असा त्याने हट्ट धरला. ज्यांनी विरोध केला त्यांत निकोलाय वाविलोव्ह होते. आपल्या पिकांची मूळ घरं शोधणारा हा माणूस १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मेला. म्हणून कोणी ‘आमचं बी थंडीला सरावलेलं आहे’ असं म्हणून विकायला आलं की माझ्या कपाळाला आठी पडते.

आता अरॅबिडॉप्सिस सोडून आपल्या पिकांकडे येऊ. इथे गोष्ट गुंतते, आणि पैदासकाराची रोजीरोटी याच गुंत्यावर चालते. कोबी, फ्लॉवर, मोहरी, शलगम यांच्या पूर्वजाचा सगळा जनुकसंच दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी तिप्पट झाला. त्यामुळे अरॅबिडॉप्सिसमध्ये जिथे एक एफएलसी आहे, तिथे शलगम आणि चिनी कोबीच्या जातीत चार आहेत. वू जांग-चून या कोरियन वंशाच्या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दाखवलं की आपली राई-मोहरी आणि युरोपातली तेलाची सरसू ही दोन-दोन जातींच्या संकरातून जन्मलेली पिकं आहेत. त्या सरसूमध्ये तर एफएलसीच्या नऊ प्रती आहेत. एका झाडात नऊ ब्रेक! पण सगळे सारखे ताकदीचे नाहीत. काही गंजलेले, काही घट्ट, काही नावापुरते. युरोपातली शरदात पेरायची सरसू आणि कॅनडात मे महिन्यात पेरायची सरसू यांच्यातल्या फरकाचा मोठा वाटा दहाव्या गुणसूत्रावरच्या एका प्रतीशी जोडला गेला आहे. तिच्या शेजारी डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला, आणि थंडीची गरज वाढली.

कोबी-फ्लॉवरच्या जातीत सगळ्यात लक्ष ठेवण्यासारखी प्रत म्हणजे एफएलसी-२. कोबीत ती शाबूत असते, आणि तिला मिटवायला दहा अंशांच्या खालची पाच-सहा आठवड्यांची थंडी लागते, तीही झाड पेन्सिलीएवढ्या देठाचं झाल्यावर. म्हणून नाशिक-पुण्याकडच्या शेतकऱ्याने आयुष्यभर कोबी पिकवली तरी तिचं पिवळं फूल तो सहसा बघत नाही. कोबीचं बरंचसं बी हिमाचलात तयार होतं, ते यामुळे. फ्लॉवरच्या पुष्कळ वाणांत मात्र या प्रतीतलं डीएनएचं एकच अक्षर गळलेलं आहे, त्यामुळे पुढचा सगळा मजकूर वाचताना चुकतो आणि ब्रेक निकामी होतो. टास्मानिया विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की ही अक्षर गळलेली प्रत आई-बाप दोन्ही बाजूंनी आलेली झाडं गड्डा लवकर धरतात. ब्रोकोलीतही असाच प्रकार आधी सापडला होता.

आणखी एक घड्याळ आहे, वयाचं. रोप अगदी लहान असताना त्याला थंडी दिली तरी ते मोजत नाही. ठरावीक पानं येईपर्यंत कानावर हात. मोहरी आणि चिनी कोबी याला अपवाद. त्यांना बियाण्यातच, मोड येतायेता, थंडी कळते. कोबी-फ्लॉवरला कळत नाही. ही गोष्ट तुमच्या पुढच्या निर्णयात लागेल.

भारतातल्या फ्लॉवरची कहाणी इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८२२ साली डॉ. जेमसन यांनी इंग्लंडहून बी आणलं आणि सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं. ते थंड हवेचं पीक, इथे उन्हाळ्याच्या तोंडाशी गड्डा धरेना. पण बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी, जी काही झाडं गरम हवेत गड्डा धरून बी देत, त्यांचंच बी पुढे धरलं. शंभर वर्षांत त्यांनी वेगळाच फ्लॉवर घडवला. १९२९ मध्ये कलकत्त्याच्या सटन कंपनीने ‘अर्ली पाटणा’, ‘अर्ली बनारस’ अशा नावांनी तो बाजारात आणला. जनुक हा शब्द ज्यांनी ऐकला नव्हता, त्यांनी निकामी ब्रेक वेचून काढले.

आणि नावं बघा: कुंवारी, कातिकी, अगहनी, पूसी, माघी. कुंवार म्हणजे आपला आश्विन. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. वाणाच्या नावातच गड्डा काढायचा महिना! दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा कातकी’मध्ये ती खूण अजून टिकून आहे. आजच्या पाकिटांवर सोनेरी अक्षरांत काय काय असतं, पण महिना कुठल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात. निम्म्या तक्रारी मला वाटतं तिथेच जन्मतात.

आजही भारतीय फ्लॉवरचे गट तापमानावरच पाडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात निघणारा लवकरचा गट २० ते २७ अंशांत गड्डा धरतो. मधला गट १६ ते २० अंशांत, त्यानंतरचा १२ ते १६ अंशांत. शेवटचा स्नोबॉल, १० ते १६ अंशांत. हे आकडे म्हणजे गड्डा धरायच्या आणि भरायच्या काळातलं तापमान, लागवडीचं नव्हे. तिथे गल्लत होते.

आता दोन्ही शेतं बघू.

पुतण्याचं वाण लवकरच्या गटातलं. त्याला ब्रेक जवळपास नाहीच. २५ अंशांतही गड्डा धरायला तयार असलेलं रोप नोव्हेंबरात निफाडच्या थंडीत गेलं, आणि निफाडचा पारा महाराष्ट्रात नेहमीच तळाशी असतो. रोप वयात येताच सात-आठ पानांवरच फुलोऱ्याकडे वळलं. पण थंडीत वाढ मंद, आणि गड्डा पोसायला लागणारी पानं झालीच नाहीत. पान हा कारखाना आहे. कारखाना उभा राहण्याआधीच मालाची ऑर्डर निघाली. यालाच बटण पडणं म्हणतात. ट्रेमधली रोपं पस्तीस-चाळीस दिवसांची झाली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली असतील तर त्याने भर घातली. रोप ट्रेमध्ये वयात येतं आणि शेतात फक्त मुळं सावरत बसतं. सुरुवातीला नत्र कमी पडलं, पाणी ताणलं, तरी हेच.

चुलत्यांचं उलटं. स्नोबॉलचा ब्रेक घट्ट. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे महिने त्याने थंडीची वाट बघण्यात घालवले आणि तोवर पानांवर पानं काढली. झाड आजारी नाही, आज्ञाधारक आहे. यात मी चुलत्यांना हसणार नाही. कुल्लूहून खाली उतरल्यावर पहिल्याच वर्षी मीही एका चाचणीत हेच केलं होतं. तिथे डोळ्यांना दिसणारा स्नोबॉल इतका देखणा, की वाटलं खाली थोडा आधी लावू, बाजार गाठू. अर्धा एकर पानांचं जंगल झालं. माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांनी गुरांसाठी चांगला चारा केलास म्हणून शाबासकी दिली.

आणखी एक नमुना तुमच्या भागात पुढे दिसेल म्हणून सांगून ठेवतो. गड्डा धरल्यावर मध्येच ऊन वाढलं तर गड्ड्यातून हिरवी पानं डोकावतात: झाड घेतलेला निर्णय मागे घेऊ बघतं. तापमान वाणाच्या पट्ट्याबाहेर गेलं की पृष्ठभाग रव्यासारखा मोकळा होतो, तेही तुम्ही पाहिलं असेल. दोन्ही वेळा व्यापारी दर पाडतो, आणि दोन्ही वेळा दोष बियाण्याला दिला जातो.

मग बियाण्याचा दोष ओळखायचा कसा? शेताच्या एका टोकाला उभे राहा आणि मोजा. शंभरातली नव्वदपेक्षा जास्त झाडं एकसारखी चुकली असतील तर वेळ किंवा व्यवस्थापन. दहा-पंधरा झाडं बाकीच्यांपेक्षा वेगळी, पानांचा रंग वेगळा, ठेवण वेगळी, गड्ड्याची वेळ वेगळी, आणि ती शेतभर विखुरलेली असतील तर भेसळीचा संशय घ्या. त्याच लॉटचं बी दुसऱ्या कोणी वेगळ्या तारखेला लावलं असेल तर तिथे जाऊन बघा. इतका चांगला पुरावा प्रयोगशाळेत मिळत नाही. पाकीट, त्यावरचं लेबल आणि पावती जपून ठेवा. तक्रार द्यायची तर पीक शेतात उभं असतानाच तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे द्या, म्हणजे पंचनामा होईल. उगवणशक्तीच्या अहवालावर विसंबू नका. बी ९० टक्के उगवलं म्हणजे ते वेळेवर गड्डा धरेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. त्यासाठी बी लावून पीक वाढवूनच बघावं लागतं.

‘जनुक बदलून घ्या की’, असंही तुमच्या प्रश्नाच्या मागे आहे. तंत्र आहे. गळलेल्या अक्षराची चाचणी आता रोपाच्या एका पानाच्या तुकड्यावर होते, त्यामुळे लवकर येणारी झाडं ट्रेमध्येच निवडता येतात. पूर्वी त्यासाठी पूर्ण हंगाम जायचा. बाहेरचं जनुक न घालता आपल्याच जनुकात छोटा बदल करणाऱ्या संपादित वाणांना केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये जनुकपरिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून काही अंशी सूटही दिली. पण मी या बाबतीत घाई करणारा नाही. एफएलसीच्या सगळ्या प्रती निकामी केल्या तर काय होईल? तुमच्या नोव्हेंबरच्या प्लॉटमध्ये दिसतं आहे तेच, बाराही महिने. ब्रेक काढणं सोपं आहे. हवा तेवढाच ढिला, आणि पानं पुरेशी झाल्यावरच सुटणारा ब्रेक बनवणं हे काम आहे. ते अजून शेतातल्या निवडीवरच उभं आहे. चाचणी फक्त चुका लवकर दाखवते.

घरचं बी धरायचा विचार असेल तर एक सावधगिरी. संकरित वाणाचं बी धरूच नका, पुढच्या पिढीत त्यातून वेगवेगळ्या गुणांची झाडं निघतात. देशी लवकर वाणाचं धरणार असाल तर सगळ्यात आधी गड्डा धरलेली झाडं राखू नका. मोह होतो, पण चार-पाच पिढ्यांत सगळं वाण बटणाकडे सरकतं. गड्डा भरलेला, घट्ट, वेळेवर आलेला, अशी मधली झाडं राखा, आणि एक-दोन नाही, पन्नासेक तरी. या देशी वाणांत स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. थोड्याच झाडांत बी फारसं धरणार नाही आणि जे धरेल ते दुबळं निघेल.

आता आजचं काम. पुतण्याचा प्लॉट मोडा. बटण पडलेलं झाड परत पानांकडे वळत नाही, कितीही युरिया घाला. पंधरा दिवस थांबून फक्त जमिनीचा वेळ जाईल.

चुलत्यांचा प्लॉट मात्र मोडू नका, ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं असेल तर थांबवा. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली पाच झाडं उपटा, मधली कोवळी पानं एकेक करून सोला आणि शेंडा उभा चिरून भिंगाखाली बघा. टोकाशी नुसती टोकदार गाठ आणि तिला चिकटलेली पानं दिसली तर अजून वाट बघायची आहे. तिथे साबुदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा, बारीक दाणेदार घुमट दिसला तर गड्डा लागलेला आहे. पाचांपैकी तीन झाडांत दिसला तर नत्राचा एक हलका हप्ता द्या आणि पाणी तुटू देऊ नका. एवढ्या पानांवर गड्डा मोठा भरेल. निफाडला आता रोज पहाटे थंडी पडतेच आहे. माझा अंदाज पाचांपैकी चारांचा आहे. कापलेल्या शेंड्यांचे फोटो पाठवा.